धानाच्या खोलीत

काय सांगू तुमाले ताई, माझं नाव एस्तेर, पन त्या नावानं मले हाक फक्त आमचे पाळक साहेब मारत, बाकी सारे इस्तर म्हनतात, माझा बाबा भी इस्तरच म्हने. जन्म माझा मिशनच्या दवाखान्याच्या कंपाउंडमधी झाला. बाबा तिथं माळी होता. फुलाचे वाफे, मेंदीची कुंपनं, अन् शनिवारी चर्चच्या आंगनातला पाला झाडनं, हे त्याचं काम. चर्च आमच्या खोलीपासून दिसे. आयतवारी घंटा वाजली का आमी पोट्ट्या धुतलेले झंपर घालून, डोक्यावर ओढनी घेऊन बाकावर जाऊन बसो. बाबा म्हने, देवाले भेटाचं तं देवाच्या घरी जाऊन भेटाचं, रस्त्यात हाक मारून साहेबाले कोनी भेटते का. अन् मी लहान होती तवा मले वाटे का प्रार्थना झाली का चौकीदार चर्चले कुलूप लावते, मंग देव आठवडाभर आतमंदी एकटाच बसून राहते. एकदा मी दाराच्या फटीतून डोकावून भी पाहिलं होतं, तो का करून राहिला म्हून. बाबानं कान धरून नेलं घरी.

मंग मी मोठी झाली, मॅट्रिकले नापास झाली, अन् गोंदियाले एका डॉक्टरीनबाईच्या दवाखान्यात आया म्हून लागली. तिथं भिंत बांधाचं काम निघालं. मिस्त्री होता मिलिंद. पानी मागाले येये. एकदा पानी, दोनदा पानी, मी म्हटलं एवढी तहान लागते का गा तुले, तं हासला. आता पुढचं तुमी समजून घ्या. तो बौद्ध, मी ख्रिस्ती, लग्न कोर्टात झालं. बाबा रागावला नाही, रडला भी नाही. एकच म्हने, इस्तर, त्या गावात चर्च नाही, तुझी प्रार्थना सुटन. मी म्हटलं नाही सुटत. पन ताई, म्हननं सोपं राहते.

गाव आमचं हे, दवनीवाड्याच्या इकडे, चारही बाजूनं धानाच्या बांध्या. घर म्हनजे पुढे एक खोली, तिच्या मागे सैपाकाची, अन् तिच्या भी मागे धानाची खोली. त्या खोलीत ढोली. तुमी ढोली पाहिली का? बांबूची विनतात, शेनामातीनं लिपतात, मानसाहून उंच राहते, तिच्यात वर्साचं धान भरतात. अन् घरात सासू. सासूले मी माय म्हनो. विधवा होती, काळीसावळी, सडपातळ, बोलनं असं का विळ्यानं सपकन कापल्यासारखं. तिचा बाप दीक्षेच्या वक्ती नागपूरले पायी गेलता, अन् आल्यावर त्यानं घरातले सारे देव टोपल्यात भरून नदीत नेऊन सोडले, तवा ही लहानशी, बापाचं बोट धरून काठावर उभी होती. ते तिच्या डोयातून कधी गेलं नाही. मी लग्न होऊन उंबरठ्यावर उभी, अन् ही मले म्हने, पोरी, तू कोनाची हायस मले काही नाही, जात माझ्या घरी विचारत नाही, पन आमी तेहतीस कोटी काढले अन् तू एक घेऊन आली. तो बाहेर ठेव.

बाहेर कुठं ठेवू, सांगा.

सुरुवातीले मी आयतवारी गोंदियाले जाओ, बसनं. पन रोवन्याच्या दिवसात कोन जाऊ देईन? चिखलात साऱ्या बाया वाकलेल्या अन् सून नवी ओढनी घेऊन बसमधी बसली, असं होते का. मंग पावसाळा गेला, धानकापनी आली, मंग मळनी, अन् मंग मी गरोदर. चर्च सुटलं. अन् चर्च सुटलं तं मले वाटे प्रार्थना भी सुटली. म्हनजे मनात येये हो, भांडे घासता घासता देवा देवा म्हनो, पन मले ते खरं नसे वाटत. जसं का टपालपेटीच नाही गावात, तं चिठ्ठी टाकाची कुठं. तोंडातल्या तोंडात राहून जाये. पहिलं लेकरू माझं पोटातच गेलं, तवा तं मले पक्कं वाटलं का हे त्याच्याचमुळे.

पाळक साहेबाले जाऊन भेटली मी. म्हातारे झाले होते, पडवीत बसून शेंगा फोडून राहिले होते. मी रडली. म्हटलं साहेब, मी देवाच्या घरापासून दूर गेली म्हून देवानं माझं लेकरू नेलं. त्यायनं शेंगा बाजूले ठेवल्या. म्हने, एस्तेर, असं कोनी सांगतलं तुले? देव असा हिशोब नाही करत, हे पहिलं डोक्यातून काढ. मंग म्हने, ते विहिरीवरच्या बाईची गोष्ट तुले आठवते का? शोमरोनची बाई, पानी भराले आलेली. मी म्हटलं आठवते. म्हने, तिनं येशूले काय विचारलं? आमचे बापदादे या डोंगरावर भजत होते, तुमचे लोक म्हनतात यरुशलेमेतच भजाचं, मंग खरं ठिकान कोनतं? तुझंच विचारलं तिनं. अन् येशूनं का सांगतलं? ना या डोंगरावर, ना यरुशलेमेत. देव आत्मा हाय, त्याले आत्म्यानं अन् खरेपनानं भजाचं. अन् म्हने, डोंगरावरच्या प्रवचनात तं त्यानं साफच सांगून ठेवलं, का चौकात उभं राहून लोकायनं पाहावं म्हून प्रार्थना करू नका, आपल्या आतल्या खोलीत जा, दार लावा, अन् जो दिसत नाही त्या बापाले सांगा.

मी म्हटलं साहेब, मोठ्या लोकायच्या घरी आतली खोली राहते, आमच्या घरी कुठं? तं ते हासले. म्हने, अवो, मूळ भाषेत तो शब्द हाय ना, त्याचा अर्थ कोठीची खोली. जिथं दानापानी ठेवतात. गरिबाच्या घरात दार असलेली तेवढीच एक खोली राहे. तुमच्या घरी धान कुठं ठेवतात?

मी बसमधी येता येता साऱ्या रस्त्यानं तेच इचार करत आली. आमच्या त्या खोलीत खिडकी नाही, उंदरासाठी दार लावूनच ठेवाचं, आत धानाचा वास, शेनाच्या लिपनाचा वास, पायाखाली कोंडा. तिथं देव येईन? बाबाच्या चर्चमधी तं वेदीवर पांढरं कापड, पितळी फुलदान्या. पन येशूनं सोताच तसं सांगतलं असन तं मी कोन नाही म्हननारी.

मंग मी सुरू केलं. दुपारी माय शेजारी बसाले जाये तवा सूप घेऊन तांदूळ काढाच्या निमतानं आत जाओ, दार लावो, ढोलीच्या आडोशाले गुडघे टेको. पहिले काही दिवस तोंडातून शब्दच नसे निघत. पुस्तकातल्या प्रार्थना पाठ होत्या, त्या म्हनून पाहिल्या, त्या धानाच्या खोलीत पाहुन्यासारख्या वाटत. मंग मी सोडून देल्ल्या अन् साधं बोलाले लागली. प्रभूची प्रार्थना तेवढी ठेवली, आमच्या बापा म्हनून सुरू होते ती. तिच्यात आजची भाकर मागाची राहते, अन् समोर ढोली. आमी भाकर खातो कुठं रोज, भात खातो, पन देव समजून घेत असन.

एक दिवस माय लवकर परत आली. दार सपकन उघडलं. मी गुडघ्यावर. तिनं पहिले माझ्या तोंडाकडे पाहिलं, मंग हाताकडे. म्हने, कच्चे तांदूळ खाऊन राहिली का वो? दिवस गेले का? मी म्हटलं नाही माय. म्हने, मंग रडून राहिली का? मिलिंदानं हात उचलला का तुझ्यावर? सांग, मोडते त्याचा हात. मी म्हटलं नाही माय, प्रार्थना करून राहिली. ती उभीच. मले वाटलं आता सूप फेकते का काय. तं म्हने, कोनापुढं? इथं तं काहीच नाही, ना फोटो, ना मूर्ती, ना उदबत्ती. मी म्हटलं आमच्यात नाही राहत. म्हने, कायले करते मंग? मी म्हटलं बोलते फक्त. तिनं ढोलीच्या मागे भी वाकून पाहिलं. मंग म्हने, हे पाय, करते तं इथंच कर. दार लावून कर. बाहेर आनू नको, आवाज काढू नको, कोनाले दिसू नको, अन् मले शिकवू नको.

ताई, ती गेल्यावर मले असं हासू आलं का तोंडात पदर कोंबला. येशूनं जे सांगतलं तेच मायनं सांगतलं होतं, शब्दाले शब्द. तिनं वर आवाज चढवला एवढाच फरक.

असे वर्सं गेले. माझी प्रज्ञा झाली, नाव मायनंच ठेवलं. माय बुद्धपौर्निमेले पांढरं लुगडं नेसून विहारात जाये, मी तिच्यासाठी खीर करो. मी नाताळले गोंदियाले जाओ, ती मिलिंदाले म्हने, जा गा सोडून दे तिले फाट्यापर्यंत. पन खरं सांगते तुमाले, त्या खोलीत मी एक गोष्ट रोज मागो. का मायले एक दिवस माझ्यासोबत चर्चमधी बसू दे. त्यात वाईट मले काही दिसत नसे. आपल्या मानसानं आपल्याजवळ बसावं, कोनालेही वाटते.

मंग हॉलवाले आले. गोंदियाले भाड्याच्या हॉलमधी प्रार्थना घेत, आवाजाचे मोठमोठे डबे लावून, हात वर करून, रडत, ओरडत. त्यायच्यातला एक ब्रदर, जवान पोरगा, आमच्या गावापर्यंत आला. म्हने, सिस्टर, तुमी दिवा टोपल्याखाली लपवून ठेवला, आंगनात सभा घेऊ द्या. मी म्हटलं आंगन सासूचं हाय. म्हने, तुमाले सासूचं भेव का देवाचं? वाईट मानूस नव्हता तो, हे मी आजही सांगते, कोनाच्या घरी मयत झाली तं पहिला तो पोचे. पन मी मनात भारी गोंधळली. शास्त्रात ते भी हाय ना ताई, का सगळ्या ठिकानी पवित्र हात वर करून प्रार्थना करावी. दिवा टोपल्याखाली ठेवू नये, हे भी हाय. मंग दार लावाचं का उघडाचं? पाळक साहेब तवा वारले होते, विचाराचं कोनाले?

त्याच वर्सी मिलिंद पडला. आमगावले दुमजली घराचं काम होतं, बल्ल्या बांधून वर फळी टाकतात ना, ती फळी सरकली. डोक्यावर आपटला. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, डोळे बंद, हाक मारली तं ओ नाही. डॉक्टर म्हने, मार आत हाय, वाट पाहा. वाट पाहा म्हनजे काय, ते ज्याचं मानूस खाटेवर असते त्यालेच समजते. माय खाटेच्या पायथ्याशी बसून राहे, त्याचा तळपाय हातात धरून. पानी भी घोटभर.

हॉलवाले दुसऱ्या दिवशी दुपारी आले, पाच-सहा जन. खाटेभोवती उभे राहिले, हात वर केले, अन् जोरात सुरू केलं. सारा वार्ड पाहे. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. मी डोळे मिटले होते, मले भी वाटे का यायच्या जोरानं उठला तं उठू दे, मले काय. मंग तो ब्रदर मायजवळ वाकला. म्हने, आजी, तुमी इथंच, आता, तोंडानं कबूल करा का येशू हाच खरा देव. तुमचा अविश्वास आडवा येऊन राहिला. तुमी म्हना, मंग पाहा पोरगा उठते का नाही.

मायनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. म्हने, इस्तर, याचं राहू दे, तू सांग. तुझ्या शास्त्रात काय लिहिलं हाय ते सांग. मी तसं म्हटलं तं माझा पोरगा उठते का? उठत असन तं मी म्हनते. माझ्या बापाची मान खाली गेली तरी म्हनते. तू सांगशील तसं.

ताई, जे मी इतके वर्सं ढोलीच्या आडोशाले मागितलं, ते माझ्यासमोर येऊन उभं होतं. मी फक्त हो म्हनाचं होतं. अन् उलटं भेव भी होतं, का मी नाही म्हटलं अन् मिलिंद गेला, तं? तं मी मारला असं नाही होत का? मी मायच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या डोयात विश्वास नव्हता, नुसतं भेव होतं. माझ्या सासूच्या डोयात मी भेव कधी पाहिलं नव्हतं. अन् मले वाटलं, येशू विहिरीवर बसला तवा त्यानं त्या बाईले असं नाही धरलं. पानी पाहिजे तं पहिले कबूल कर, असं नाही म्हटलं. त्यानं तर सोताच तिच्यापाशी पानी मागितलं. आत्म्यानं अन् खरेपनानं भजा म्हने. याच्यात खरेपन कुठं हाय?

मी म्हटलं, नाही माय. असं नाही लिहिलं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, तेल लावा, हे लिहिलं हाय. पन त्याच्या मायले भेव दाखवून कबूल कराले लावा, असं कुठं नाही लिहिलं. ज्यायचं देवाशी वाकडं हाय त्यायच्या बांधीत भी देव पाऊस पाडते. तू काही म्हनू नको.

ब्रदरचं तोंड उतरलं. म्हने, सिस्टर, तुमचा विश्वास कमी हाय. मी म्हटलं असन भाऊ, मोहरीच्या दान्याएवढा भी नसन, पन आता तुमी जा, नर्सबाई रागावून राहिली. ते गेले. दुसऱ्या दिवशी ब्रदरची बायको डबा घेऊन आली, काही बोलली नाही, मायच्या हातात डबा देल्ला, पाया पडली, गेली.

त्या दिवशी ते गेल्यावर माय मले म्हने, चाल बाहेर, दम घुसमटून राहिला. जिन्यावर जाऊन बसलो. वरखाली लोकं, स्ट्रेचर, चहावाला. म्हने, तुले प्रार्थना कराची असन ना आता? मी म्हटलं हो. म्हने, इथं दार कुठं हाय? मी म्हटलं नसू दे. तं ती उठली, एक पायरी खाली जाऊन माझ्यासमोर पाठ करून आडवी बसली, अन् येनाऱ्याले म्हने, तिकडून जा गा, इथं बाई बसली हाय. मी डोळे मिटले. माझं सुरू झालं, तं खालून तिचं भी ऐकू आलं, हळू हळू, बुद्धं सरनं गच्छामि, धम्मं सरनं गच्छामि. मी तिच्यात माझं मिसळवलं नाही, तिनं माझ्यात तिचं मिसळवलं नाही. पन मले त्या जिन्यावर जेवढं जवळ वाटलं, तेवढं चर्चच्या बाकावर भी कधी नाही वाटलं. अन् तिनं माझ्यासोबत चर्चमधी बसावं, हे मागनं मी तेव्हापासून सोडून देल्लं. सोडलं नाही, ते आपोआप गळून पडलं.

मिलिंद उठला. हळूहळू उठला. पहिले डोळे, मंग बोट, मंग मायले पाहून म्हने, माय तू जेवली का? उजवा हात अजून पूर्न वर जात नाही त्याचा, मिस्त्रीकाम सुटलं, आता गावातल्या पिठाच्या चक्कीवर बसते. लोक विचारतात, प्रार्थनेनं उठला का? मी काय सांगू. पलीकडच्या खाटेवर एक पोरगा होता, त्याची माय भी रात्रंदिवस मागत होती, अन् तो गेला. त्या बाईची प्रार्थना काय खोटी होती? तिच्या प्रार्थनेत काय कमी होतं? हे मले समजत नाही, अन् समजलं असं मी म्हननार भी नाही. एवढंच समजलं का प्रार्थना म्हनजे बाजारातला सौदा नाही, हे दे अन् ते घे.

माय गेली त्याले आता काही वर्सं झाली. झोपेतच गेली. सारं बौद्ध पद्धतीनं केलं, तसंच व्हाले पाहिजे होतं. भंतेजी आले, पांढरे कपडे घालून बाया बसल्या, मी भी पांढरं नेसून त्यायच्यात बसली. वंदना सुरू झाली. मले वाटलं, मी मनात माझी प्रार्थना म्हनू, मायसाठी. पन ताई, एक शब्द नाही आला. ना पुस्तकातला, ना माझ्यातला. नुसता छातीतून हुंदका. पौलाच्या पत्रात हाय ते, का आमाले कसं मागाचं ते समजत नाही, तवा आत्मा सोताच, शब्दात न येनाऱ्या कन्हन्यानं आमच्यासाठी मागते. ते मी लहानपनापासून ऐकलं होतं. त्या दिवशी अर्थ समजला.

आता तुमी विचारलं होतं ना, ख्रिस्ती मानसानं प्रार्थना कुठं कराची, कशी कराची. मी काही शिकलेली नाही, मले एवढंच सांगता येते. चर्चमधी जावं, मी भी जाते महिन्यातून एकदा, चार मानसं मिळून गातात तवा बरं वाटते, दोघं-तिघं येशूच्या नावानं जमतात तिथं तो राहतेच. बांधीत रोवना लावताना करावी, बसमधी करावी. दाखवाले करू नये. लांबलचक करू नये, त्याले आधीच माहीत राहते. अन् कोनाशी वैर धरून करू नये, पहिले जाऊन मिटवून यावं. हे सारं त्यानंच सांगतलं हाय, माझ्या पदरचं काही नाही.

गावातल्या बाया आता येतात माझ्याकडे. बाजूची पवाराची सून कालच आली होती, नवरा बाहेरगावी कामाले गेला, फोन लागत नाही. म्हने, इस्तरबाई, तुझ्या देवाले सांग ना. मी म्हटलं सांगते, पन तू भी सांग. ती म्हने, माझं ऐकते का तो? मी म्हटलं अवो, तो काय माझ्या माहेरचा हाय का, तू सांगून तं पाय. ती पायरीवरच बसली, अन् डोक्यावर पदर घेतला.

बरं ताई, चहा पूर्न घ्या, टाकू नका. तुमी कोनाले मानता मी विचारत नाही. सुखात राहा, लेकरंबाळं सुखी राहोत. अन् जाताना फाट्यापाशी जरा सांभाळून जा जी, रस्ता खोदून राहिले तिथं.